वाळ्याची जुडी

मंडईतून आणलेली वाळ्याची जुडी माठात सोडण्याआधी धुतली, आणि तो वास येताच मी आत्याच्या शेतात पोहोचले. डोंगरउतारावरचं मुरमाड रान. पावसात माती ओढ्याला जायची, म्हणून तिनं उतारावर आडव्या ओळींत वाळा लावला होता.

"आत्या, माठात टाकायला थोडी मुळं उपटू?"

"उपट की," ती हसली.

मी पाय रोवून दोन्ही हातांनी ओढलं. तळवा कापला, पण ठोंब हलला नाही.

"मातीला धरून बसलाय त्यो. मुळं गेली की माती बी गेली."

गवतात एवढं बळ कुठून, याचंच तेव्हा नवल वाटलं. आज जुडी धुतलेल्या पातेल्याच्या तळाशी चिमूटभर तांबूस माती बसली आहे. कुणाच्या उतारावरून सुटली असेल ही?