घाटातला बंद फॅन
गरम कूलंटचा गोडसर वास आला की मला धारूरच्या घाटातली ती दुपार आठवते. कळा सुरू झालेल्या बहिणीला घेऊन मी बीडला निघालो होतो. उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडताना गाडी तापली, काटा लालवर गेला. बॉनेट उघडलं, तर रेडिएटरचा फॅन बंद. फ्यूज बदलला, वायरी हलवल्या, पण फॅन काही फिरेना. बहीण आयटीआयात इलेक्ट्रिशियन झालेली. मागच्या सीटवरून दात आवळून ती म्हणाली, "दादा, फॅन चालू करणारा रिले गेला आसंल. हॉर्नचा तसलाच हाय, त्यो काढून लाव." लावला, तसा फॅन घरघरला. मग हॉर्न नसल्यानं प्रत्येक वळणावर खिडकीतून ओरडत मी घाट उतरलो. दवाखान्यात पोचताच भाची जन्मली. ती आता शाळेत जाते. मला मात्र अजून गाडीत गाणी लावायला नको वाटतं, फॅनचा आवाज ऐकू यायला हवा.