मागच्या सीटवरचे रविवार

माझी पाठ दुखायला लागली तेव्हा मला आधी रडू आलं आणि मग बरं वाटलं. यात कुणाला काही विचित्र वाटत असेल, तर त्याने लग्नानंतरचे सगळे रविवार मोटारसायकलच्या मागच्या सीटवर काढून बघावेत.

आम्ही राहतो इंदिरानगरला. सासर कळवणच्या पुढे, मळ्यात. सोमवार ते शनिवार मी एका पतसंस्थेत कॅशला बसते, नवरा औषधांच्या ऑर्डरी गोळा करत जिल्हाभर फिरतो, आणि रविवार उजाडला की आम्ही दोघं दिंडोरी, वणी करत गावाला. तिथे पोचले की पदर खोचून स्वयंपाक, मग भाऊबंदांत कुणाकडे तरी बसून येणं, मग हंगामाप्रमाणे कांदा निवडणं नाहीतर वाळवणं. संध्याकाळी मांडीवर भाजीची पिशवी घेऊन परत. हे कुणी ठरवलं असंही नाही. पहिल्या रविवारी गेलो, दुसऱ्या रविवारी गेलो, आणि मग तो नियमच झाला.

गाडी जुनी. मागचे शॉकअप केव्हाच बसलेले, त्यातलं तेल गळून चाकाजवळ धुळीचा चिखल झालेला. पुढे बसणाऱ्याला हँडलचा आधार असतो, मागे बसणारीला फक्त देवाचा. प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक थेट माकडहाडात. शेवटी एका सोमवारी मला खुर्चीतून उठता येईना. डॉक्टर म्हणाले, काही महिने दुचाकीवर लांबचा प्रवास बंद. ते वाक्य मी प्रसादासारखं दोन्ही हातांनी घरी आणलं.

नवरा एकटा जाऊ लागला. आणि मला रविवार मिळाला. मी फार काही केलं नाही हो त्याचं. केसांना तेल लावायचे, वरणभाताचा कुकर लावायचे, दुपारी झोपायचे. जाग आली की पंख्याकडे बघत पडून राहायचे. कुणाच्या हाताखाली नाही, कुणाच्या डोळ्यांपुढे नाही. पाठ पुढे हळूहळू बरी होत गेली. मी तिला घाई केली नाही.

माझा नवरा वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. पण तो मनाला लावून घेणारा. माझी पाठ आपल्या गाडीने घालवली, हे त्याने धरूनच ठेवलं. रोज जेवताना फोनवर शॉकअपचे व्हिडिओ. गॅसचे चांगले की साधे, स्प्रिंग जाड हवी की पातळ. मी म्हटलं, अरे, गाडीच बदल ना. तर म्हणे, इंजिन अजून गुळगुळीत आहे. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी मला गॅरेजवर घेऊन गेला. नवे गॅसवाले शॉकअप, पिवळ्या स्प्रिंगांचे, बसवून झाले होते. फक्त मला बसवून बघायचं होतं.

मेकॅनिकने विचारलं, "वहिनींचं वजन किती धरू?"

"पंचावन्न," नवरा म्हणाला. पंचावन्न किलोची मी फक्त लग्नाच्या अल्बममध्ये आहे. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मग सभ्यपणे स्प्रिंगकडे पाहिलं. कमी धरलं तर स्प्रिंग सैल राहील, मोठ्या खड्ड्यात दणका बसेल, एवढंच तो पुटपुटला. मला काय राग आला कोण जाणे, मी ठणकावून सांगितलं, "अडुसष्ट." त्याने पान्याने दोन्ही स्प्रिंगांच्या कड्या फिरवून त्या आवळल्या. गप्प बसले असते तर दणके बसले असते आणि रविवार वाचले असते. आपल्याच हाताने पायावर धोंडा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी निघालो. काय सांगू, पाठीला काही म्हणजे काही कळलं नाही. वणीपर्यंत मी दुखण्याची वाट बघत होते.

सासूबाई अंगणातच उभ्या. "आली का गं! राह्यली ना पाठ? लय बरं झालं बाई. आता खंड नको पाडू." आणि भाकरी थापता थापता पुढचे सगळे रविवार लावून दिले. हा पापडांचा, तो कुरडयांचा, त्याच्या पुढचा आत्याबाईंकडे. मी परातीत पीठ मळत होते, आणि माझे हात इतके जड झाले की मला वाटलं इथेच बसून राहावं, कुणी उठवू नये.

परतीला वणीत चहाला थांबलो. नवरा खुशीत होता. "दुखली का गं?"

"नाही."

त्याचा चेहरा असा उजळला की मला आणखीच वाईट वाटलं. पण आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हेही कळत होतं. "पाठ दुखत नाही," मी म्हटलं, "पण मला दर रविवारी यायचं नाही. मी फार दमलेय रे."

तो चिडेल असं वाटलं होतं. तो ग्लासातल्या चहाकडे बघत राहिला. "तुझी पाठ धरली ना, तेव्हा मला तुझा हेवा वाटला होता," तो म्हणाला. "वाटायचं, आपलंही असं काहीतरी दुखावं."

मला संतापच आला. "मग हे शॉकअप कशाला बसवलेस?"

"एकट्याला तो रस्ता खायला उठतो गं."

इतकी वर्षं एका गाडीवर पुढेमागे बसून आम्ही हे एकमेकांना कसं बोललो नाही, कोण जाणे. "आणि आईंना कोण सांगणार?" मी विचारलं.

त्याने तिथेच फोन लावला. सासूबाई फोनवर अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, पुढच्या रविवारी नाही येत. दर रविवारी नाही जमायचं आता."

"का रे? परत पाठ धरली का तिची?"

मी मान हलवून त्याला खुणावलं, हो म्हण. तो माझ्याकडे बघतच होता.

"नाही गं, पाठ चांगली आहे. दमायला होतं, आई."

पलीकडचा आवाज एकदम खाली गेला; मी फोनजवळ कान नेला. "कोणाला? तुला का तिला?"

"मला," तो म्हणाला.