पाबे घाटातली सावली आणि चाचांची जुनी प्रिंट

माझ्या प्रिंट राखाडी येतात, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. तरी रेहानाचाचींनी सांगितलंच. तोरण्याची माझी नवी प्रिंट त्यांनी खिडकीपाशी नेली, चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, "हा तोरणा होय? मला वाटलं, ओट्यावरचं फडकं."

रेहानाचाची आणि युसूफचाचांचा शनिवार पेठेत राहत्या घराला लागूनच फोटो स्टुडिओ होता. चाचा मोठा कॅमेरा घेऊन डोंगरदऱ्यांत जायचे आणि चाची दुकानामागच्या डार्करूममध्ये, लाल दिव्याच्या उजेडात त्यांच्या प्रिंट काढायच्या. नोकरी सांभाळून मी रविवारी न्हाणीघराला काळे पडदे लावते आणि घरच्यांच्या शिव्या खात जे काही करते, ते सगळं चाचींनीच शिकवलेलं. चाचांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मात्र चाचींनी एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्रावर, चादर टाकली होती. स्टुडिओ बंद झाला होता. चाचा आता काठीने घरातल्या घरात चालतात आणि मोजकं बोलतात.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाबे घाटातून दिसणाऱ्या तोरण्याचा एक फोटो आहे. गडद आकाश, धारदार कडे आणि खालची दरी काळीकुट्ट. या प्रिंटवरून नवरा-बायकोचं जन्माचं भांडण. चाचा म्हणायचे, खाली एवढा काळोख नव्हता. चाची म्हणायच्या, निगेटिव्हमध्ये तिथे काही नाहीच, तर मी आणू कुठून? गिऱ्हाइकांना ती काळी दरी भलतीच आवडायची, त्यामुळे भांडण दर वेळी चाचीच जिंकायच्या.

त्या दिवशी सहज विचारलं तेव्हा कळलं, की चाचींनी तो घाट कधी पाहिलेलाच नाही. दुकानात कुणीतरी थांबायला हवं असायचं. "सह्याद्री मी आठ बाय दहा इंचांत पाहिलाय," त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं. मी म्हटलं, चला, पुढच्या शनिवारी जाऊ. त्यांनी गुडघे सांगितले, थंडी सांगितली, चाचांचं पथ्य सांगितलं. शेवटी आतून चाचांचाच आवाज आला. "जा."

कोंढव्याहून त्यांची मुलगी दिवसभर राहायला आली आणि आम्ही उजाडायच्या आत निघालो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सिंहगड रस्त्याने खडकवासला, तिथून पानशेतच्या रस्त्याने खानापूर, आणि खानापुरातून पाबे घाटाचा फाटा. पेट्रोल पुण्यातच भरून घ्या. घाटाची वळणं चढी आहेत, पण गाडी अगदी माथ्यापर्यंत जाते. माथ्यावरून देखावा पाहायला चढायचं काही नाही, त्यामुळे गुडघ्यांची सबब चालत नाही. गाडी नसेल तर स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी मिळते. चाचा तसेच यायचे, आणि पुढे कॅमेऱ्याचं लाकडी तिकाटणं खांद्यावर टाकून चालायचे. खडकवासल्याला धरणाच्या काठी आम्ही कांदाभजी खाल्ली. चाचींनी काचेला नाक लावून पाणी पाहिलं आणि पुण्यात पितो ते हेच का, असं विचारलं.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. समोर तोरणा, डावीकडे लांब राजगड, मध्ये धुक्याचे थर. चाची गाडीतून उतरल्या आणि कितीतरी वेळ दाराला धरून उभ्याच राहिल्या.

माझा कॅमेरा म्हणजे भाता लावलेलं एक खोकं. त्यात एका वेळी तळहाताएवढ्या फिल्मची एकच शीट बसते. मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं आणि ते पाहायला डोक्यावर काळं कापड घ्यावं लागतं. घाटमाथ्यावर ताडपत्रीखाली चहा विकणाऱ्या मावशींनी आधी आत डोकावून घेतलं. "सगळं उलटं हाय की," त्या म्हणाल्या, आणि आमच्या अकलेबद्दलचं मत बनवून चुलीकडे गेल्या.

मग चाची कापडाखाली गेल्या. हातात भिंग होतं. काचेवर इंच इंच सरकत त्या दरीपाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

"सुजाता, खाली घरं आहेत."

खरंच होती. डोंगराच्या सोंडेच्या सावलीत कौलारू छपरं, एक गोठा, चुलीचा निळसर धूर. मावशींनी तिथूनच सांगितलं, "वाडी हाय ती. माझं माहेर."

चाची दगडावर बसल्या. "हे सांगत होते आणि मी इतकी वर्षं त्या घरांवर काळोख ओतत होते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पण निगेटिव्हमध्ये काही नव्हतं ना? त्यांनी मान हलवली. "नीट बघितलंच नाही गं. काळं छान दिसत होतं."

मी त्यांच्याच शिकवणीप्रमाणे लेन्सवर लाल फिल्टर चढवला होता. त्याने आकाश गडद होतं, कडे उठून दिसतात. चाची उठल्या, सावलीकडे पाहत राहिल्या आणि फिल्टर स्वतःच काढून घेतला. सावलीत ऊन नसतं, तिथला उजेड निळ्या आकाशाचा असतो. लाल काच नेमका तोच अडवते. मग घरं बुडणारच. आम्ही फिकट पिवळा फिल्टर लावला. मी उजेड मोजला तोही उन्हातल्या कड्यांचा नाही, वाडीचा. वारा पडायची वाट पाहिली आणि मग शटर दाबलं.

दुपारी वेल्ह्यात पिठलं-भाकरी आणि ठेचा. दोघींचं पोटभर जेवण पाचशेच्या आत झालं. परतताना नसरापूरवरून हायवे धरला. कात्रजच्या बोगद्याआधी नेहमीची गर्दी होतीच. वाटेत चाची एकदा म्हणाल्या, हे एवढं ओझं घेऊन एवढ्या लांब यायचे, आणि घरी आल्यावर मी विचारायचे, उशीर का झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एन्लार्जरवरची चादर काढली. माझ्या निगेटिव्हला हातही लावला नाही, आधी चाचांची जुनी काढली. दिव्याच्या काचेवर ठेवून भिंगातून पाहिली. छपरं होती. पुसट, पण होती.

मग जे झालं ते माझ्यासारख्या राखाडी प्रिंटवाल्यांनी लक्षात ठेवावं. मी दर वेळी फिकेपणा घालवायला कडक कागद घ्यायचे; त्याने पांढरं अजून पांढरं आणि काळं अजून काळं होतं, आणि मधलं सगळं हरवतं. चाचींनी मऊ, म्हणजे मधल्या छटा जपणारा कागद घेतला. प्रकाश पडत असताना तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा दरीवर हलता ठेवला, म्हणजे तिथे कमी काळं होईल. मग दोन्ही तळव्यांच्या फटीतून फक्त कड्यांना जास्तीचा उजेड दिला. पहिली प्रिंट रसायनाच्या ट्रेमध्ये सुंदर दिसली आणि वाळल्यावर काळवंडली. ओल्या प्रिंटवर विश्वास ठेवायचा नाही, वाळवून दिवसाउजेडी पाहायची. तिसरी जमली.

ती घेऊन आम्ही चाचांकडे गेलो. त्यांनी प्रिंट मांडीवर घेतली. मग चांगल्या हाताचं बोट एका छपरावर ठेवलं.

"इथे... भाकरी खाल्ली. म्हातारीनं दूध दिलं. पैसे घेतले नाहीत."

"मग हे कधी सांगितलं का नाही?" चाचींनी विचारलं.

"तू म्हणालीस... तिथे काही नाही."

चाची त्यांच्या शेजारी बसल्या आणि पदराने डोळे पुसत हसायला लागल्या. चाचाही हसले, अर्ध्या चेहऱ्याने. मी चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

माझी तोरण्याची नवी प्रिंट आता नारायण पेठेतल्या घरी भिंतीवर आहे. बरी आली आहे. पाहुणे कड्यांचं कौतुक करतात, मी त्यांना वाडी दाखवते. पण या सहलीतून खरं काय उरलं, ते पाहायचं तर रविवारी शनिवार पेठेत यावं लागेल. आता डार्करूममध्ये चाचांची खुर्ची असते. चाची एकेक जुनी निगेटिव्ह काढतात, लाल उजेडात पुसट प्रिंट वर येते, आणि त्या विचारतात, हा ठिपका कसला? चाचा सावकाश, शब्द शोधत सांगतात. विहीर. मेंढ्या. तिथे पाय मुरगळला होता. सांगून होईपर्यंत चाची पुढच्या कागदाला हात लावत नाहीत.