पळून बरी होणारी टाच

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या वाशीम जिल्ह्यात प्रशिक्षक उगवतात. मेडशीतला प्रशिक्षक स्वतः तीन भरत्यांत नापास झालेला होता. त्याची पात्रता तेवढीच. त्याच्याकडे मैदान नव्हतं, महामार्ग होता. पहाटे पाचला तीसेक मुली डांबरावरून मालेगावच्या दिशेनं पळायच्या आणि हा पुढे मोटारसायकलवर. पळावं कसं, हे तो बसून शिकवायचा.

त्या मुलींत माझी भाची होती. मुली म्हणायचं ते सवयीनं. तिला एक मूल होतं आणि वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती होती. मागच्या वेळी आठशे मीटरमध्ये ती थोडक्यात मागे पडली. या वेळी मुलाला सासूकडे ठेवून ती दोन महिने माहेरी आली आणि वर्षभर न पळालेले पाय तिनं पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर डांबरावर आपटले.

तिसऱ्या आठवड्यात टाच धरली. मी वाशीमहून बहिणीकडे गेलो होतो. भाची खाटेवरून उतरली आणि भिंतीला धरून उभी राहिली. पहिली दहा पावलं तिनं चवड्यावर टाकली, मग सरळ चालू लागली.

मी विचारलं तर म्हणाली, "सकाळीच दुखते मामा. पळालं का जाते. सर म्हणते, पळणंच याचं औषध हाय."

हा सरांचा शोध. दुखणारी टाच धावल्यावर गप्प बसते, म्हणून धावणं हा उपचार. ज्या मुलीची टाच जास्त दुखेल तिला एक फेरी जास्त. हा नियम तीस मुलींनी मानला आणि त्यांच्या घरच्यांनीही. कुणालाही प्रश्न पडला नाही की औषध रोज घेऊनही दुखणं रोज सकाळी हजर कसं. मलाही पडला नाही. मी मान डोलावली आणि चहा घेतला.

बहिणीचा उपचार वेगळा होता. ती चुलीवर वीट तापवायची, वर रुईचं पान ठेवायची आणि मुलीची टाच त्यावर दाबायची. शेजारणींनी हाड वाढल्याचं निदान केलं. मेडिकलवाल्यानं पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्या घेऊन ती आणखी जोरात पळाली. एक दिवस मालेगावच्या वाटेवर खाली बसली ती उठेना. सर मोटारसायकल वळवून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगं झालं का बाईमाणूस पळत नाही, हे मले माहीतच होतं."

मग मी तिला वाशीमला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. ही फिजिओथेरपिस्ट बाजारातल्या एका मुस्लिम चप्पल-व्यापाऱ्याची मुलगी. "अब्बा चपला विकतात आणि त्यांची गिऱ्हाइकं नंतर माझ्याकडे येतात," असं तिनं आधीच सांगून टाकलं. तिनं भाचीच्या पायाचा अंगठा वर ओढला, तळव्याखालची ताठ झालेली पट्टी टाचेजवळ दाबली आणि भाची कळवळली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला एक चिवट पट्टी असते. ओझं वाढलं तर ती स्वतःला जाड आणि मजबूत करते, पण तिला रक्त कमी, म्हणून सावकाश करते. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, हिला महिने लागतात. दुरुस्ती होण्याआधी पुन्हा आपटली की तिचे धागे विस्कटत जातात. रात्रभर ती आखडते, सकाळी पहिल्या पावलाला ताणली जाते, मग चालून सैल पडते.

"कमी झालं म्हणजे बरं झालं नाही," त्या भाचीला म्हणाल्या. "पण खाटेवर पडून राह्यलीस तर पट्टी आणखी कमजोर होईल. तिले काम पाह्यजे, मार नाही."

काम म्हणजे बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीवर उभं राहायचं, टाच सावकाश वर न्यायची, त्याहून सावकाश खाली आणायची. एक दिवसाआड. डांबर बंद, गोळ्या बंद. पळणं महिन्याभरानं, शेतातल्या मऊ वाटेवर, थोडं थोडं. बहिणीला हा उपचार वाटेना. पायरीवर उभं राहून कोणी पोलीस झालं आहे काय, असं तिनं मला फोनवर विचारलं. सरांनी भाचीचं नाव आपल्या यादीतून खोडलं.

मैदानी चाचणीच्या दिवशी भाची आठशे मीटर पळाली. वेळ सरांनी आधी वहीत लिहिलेल्या तिच्या वेळेइतकी चांगली नव्हती, पण लेखी परीक्षेच्या यादीत तिचं नाव आलं. सरांच्या तुकडीतल्या दोघीच तिथवर पोचल्या. चौघी तर लंगडत घरी बसल्या होत्या.

लगेच सरांनी भाचीसकट तिघींचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, खुर्च्या, माईक. भाचीला आपली विद्यार्थिनी म्हणून ओळख करून दिली आणि कठोर सरावावर चार शब्द बोलायला सांगितलं. समोर नव्या तुकडीतल्या पोरी बसल्या होत्या.

तिनं माईक घेतला आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर टाच कोणाकोणाची दुखते? हात वर करा."

पोरींनी आधी सरांकडे पाहिलं. मग मागच्या रांगेतून एक हात वर झाला, त्याच्या शेजारचा, आणि मग मोजायची गरज राहिली नाही. सर उठले, चहा निवून राह्यला असं म्हणाले आणि माईकसाठी हात पुढे केला. भाचीनं तो दिला नाही. तिनं खुर्चीवरची शाल उचलली, तिची गुंडाळी केली, स्टेजच्या पायरीवर ठेवली आणि चपला काढल्या.