मेलेल्या भाषेचं प्रूफ

डीटीपी सेंटर उघडलं की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही, ते पेनड्राइव्हमधून आपोआप येतात! महाडात आमचं काम म्हणजे लग्नपत्रिका आणि अर्ज. त्यात माझ्या मावसभावाने दक्षिण अमेरिकेतून एका जुन्या हस्तलिखित शब्दकोशाचे फोटो पाठवले. स्पॅनिश शब्द आणि पुढे तिथल्या एका आदिवासी भाषेतला शब्द. ती बोलणारं आता कुणीच उरलेलं नाही. त्याच जमातीची मारिसोल ही भाषा पुन्हा पोरांना शिकवायला निघालीय.

"एकेक अक्षर बघून टाइप करा," तिने व्हिडिओ कॉलवर मावसभावाकरवी बजावलं. "चुकलंत तर सांगायला कुणी जिवंत नाही."

आणि हे माझ्या नशिबी!

*

टायपिस्ट सुरेखा बिरवाडीची. पहिल्या दिवशी तिने अक्षरांवरची सगळी टिंबं गाळली.

"दादा, शाईचे डाग पडलेले. साफ केले!"

मी कपाळावर हात मारला. सगळं पुन्हा टाइप झालं.

*

प्रूफं बघायला तुडीलचे निवृत्त गुरुजी. त्यांनी पानच्या पान लाल केलं.

"गुरुजी, तुम्हाला ही भाषा येते?"

"यायला कशाला हवी? एकच शब्द दोन तऱ्हेने लिहिलाय. शिस्त आहे की नाही!"

त्यांनी दोन्ही सारखे करून टाकले. मारिसोलची घाबरीघुबरी मेल आली. एकाचा अर्थ पाहुणा, दुसऱ्याचा ऊ!

गुरुजी म्हणाले, "तरी मी म्हणतोय, मूळ एकच असणार."

*

एकदा कोशातली एक उदाहरणाची ओळ चुकून पोलादपूरच्या लग्नपत्रिकेत पेस्ट झाली, गणपतीच्या खालीच. नवरदेवाचे वडील पत्रिका घेऊन आले. आता काही आपली धडगत नाही, असं मला वाटलं.

"मंत्र झ्याक हाय," ते म्हणाले. "फक्त अर्थ सांगा. पावणे विचारतात."

अर्थ होता, 'हे मांस नासलेलं आहे.' मी म्हणालो, "शुभच आहे काका."

*

काम संपलं, फाइल गेली. काही महिन्यांनी मारिसोलचा व्हिडिओ आला. शाळा सुटलीय, फाटकाशी आया उभ्या आहेत. पोरं "नाय! नाय!" ओरडत धावतात आणि त्यांच्या गळ्यात पडतात. खाली तिने लिहिलं होतं, 'आमच्या भाषेतली परत आलेली पहिली हाक.'

सुरेखाने व्हिडिओ मध्येच थांबवला.

"दादा, त्या पानाला कसर लागलेली. स्पॅनिशात 'आई' होतं, पुढला शब्दच नाय. म्हनून मी तिथं इंग्रजी अक्षरांत 'नाय' लिवलं. म्हटलं, तुमी बघाल!"

"मी दोनदा तपासलं," गुरुजी पुटपुटले. "चांगला वाटला शब्द."

मी दोघांवर इतका भडकलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. खरं तर राग माझाच मला आला होता. एका जमातीचा आईसाठीचा शब्द आम्ही महाडात बनवला होता! सगळं कबूल करून मारिसोलला मेल टाकली. दोन दिवस सारखी मेल उघडून बघत होतो.

मग तिचं उत्तर आलं.

"आयांना सांगितलं. त्या म्हणाल्या, आता आम्ही ओ देऊन बसलोय."