‘बरा आहे’ आणि ‘बरं होऊन राहिलं’

मंगळवारी सकाळी पांढुर्ण्याहून सौसरला मामांना फोन लावला. तब्येत विचारली. ते म्हणाले, “मी बरा आहे.”

मी उकळायला ठेवलेल्या चहाखालचा गॅस बंद केला आणि बस स्टँड गाठला.

कारण सांगते... मामांचं पोट दिवाळीपासून दुखत होतं. तेव्हापासून फोनवर त्यांचं एकच उत्तर असायचं... “बरं होऊन राहिलं.” आमच्याकडे ‘होतंय’ला असंच म्हणतात. ‘बरा आहे’ हे मामा फक्त परक्यांना सांगतात. बँकेतल्या साहेबांना, पोरीच्या सासरच्यांना.

पोहोचले तेव्हा ते घरापुढच्या आपल्या कापडाच्या दुकानात बसले होते. ओठ पांढरे पडलेले. पुढ्यात कापडाचा तागा, पण हात त्यावर नुसताच ठेवलेला.

“काहून आली वं? मी तर बरा आहे.”

पुन्हा तेच.

मामी आतून आल्या. “काय बरे आहेत, बाप्पा! सकाळी चक्कर येऊन पडले. संडास डांबरासारखी काळी होऊन राहिली. अन् मले म्हणतेत, भाचीले सांगू नको.”

“संत्र्यानं झालं असंन,” मामा म्हणाले.

सगळा हिवाळा त्या घरात संत्रंच आरोपी होतं. मामांनी ते कधीच सोडलं होतं. गुडघ्यासाठी घ्यायची दुखण्याची गोळी मात्र चालू होती... मनानं, रोज, उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटीही.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही नागपूरला निघालो. मामांनी माझ्या मांडीवर डोकं टेकलं. लोधीखेड्याच्या आसपास त्यांनी डोळे उघडले.

“पोरी, भेव लागून राहिलं वं.”

भीती मलाही वाटत होती. तरी जीव जरा भांड्यात पडला. मामा परत आमच्या बोलीत आले होते...

दवाखान्यात रक्त चढवलं. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं. जठरात अल्सर होता, त्यातून रक्त वाहत होतं. ते तिथल्या तिथे थांबवलं. डॉक्टर म्हणाले, “काळी संडास म्हणजे आतलं रक्त. गुडघ्याच्या गोळ्यांनी ही जखम केली. अजून उशीर केला असता, तर...”

मामींनी मामांकडे पाहिलं. “संत्र्याची माफी मागा आता.”

काल मामा घरी आले. आज सकाळी फोन लावला.

“काय करून राहिले, मामा?”

“मऊ भात खाऊन राहिलो. तुही मामी पहारा देऊन राहिली.”

“अन् तब्येत?”

“बरं होऊन राहिलं.”

मग मी चहा ठेवला. उकळू दिला, बसून प्यायले.

डॉक्टरांचे आभार. गाडी काढणाऱ्या शेजाऱ्यांचे, ज्याचं रक्त मामांना मिळालं त्या अनोळखी माणसाचे आभार... आमच्या या बोलीचे कसे मानायचे, ते मात्र समजून नाही राहिलं.