सुमनचा मुद्दा

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या कोर्टात, वकिलांच्या खोलीत चहा पीत होते. ती आजारी होती, हे होणार हे कळत होतं, तरी चहा तसाच ठेवून उठले. शोकसभेला मात्र ती गर्दी बघून पहिला विचार आला तो असा, की आपल्या वेळी एवढी माणसं येणार नाहीत. मेल्यावरसुद्धा ही बाई मला पुढं जाऊ देत नव्हती.

आम्ही दोघी एकाच ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली शिकलो. माझ्या घरात दोन पिढ्यांची वकिली. ती निपाणीची, आई तंबाखूच्या वखारीत कामाला. कलमं मला तोंडपाठ आणि अशिलं सगळी तिच्याकडं. बायका तिच्यापुढं माहेरी आल्यासारख्या बोलायच्या... मी विचारलं की त्यांच्या तोंडाला कुलूप. मला तिचा हेवा वाटायचा. हेवा कसला, जळायचेच मी.

त्यात जवळच्या मच्छे गावच्या शोभाचा खटला आला. नवरा तिला वर्षानुवर्षं मारायचा. एका रविवारी दुपारी तो रिकाम्या हातांनी स्वयंपाकघरात तिच्याकडं आला आणि तिनं वरवंटा उचलून त्याच्या डोक्यात घातला. तो जागीच गेला. शोभाचा भाऊ आधी माझ्याकडंच आला होता. मी म्हटलं, स्वसंरक्षण टिकणार नाही, त्याच्या हातात काही नव्हतं, त्यानं अजून हातही उगारला नव्हता. रागाच्या भरात घडलं म्हणू, शिक्षा कमी होईल. तो उठला आणि थेट सुमनकडं गेला. सुमन म्हणाली, तिनं जीव वाचवायला मारलं, तर तेच सांगू. ऐकून मला हसू आलं होतं.

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसले, ती हरताना बघायला. शेजारीण सरकारी साक्षीदार होती. भांडण ऐकू आलं नाही, फक्त टीव्ही मोठ्यानं लागला होता, एवढं सांगायला तिला आणलेलं. सुमननं तिला विचारलं, टीव्ही मोठा झाल्यावर तुम्ही काय केलं? ती म्हणाली, खिडकी लावली. आता 'का' विचारायचं नव्हतं. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हे आम्हा दोघींना पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, विचार, विचार. तिनं विचारलं.

बाई खाली बघत म्हणाली, "मारायच्या आधी त्यो टीव्ही मोठा करायचा. समद्या गल्लीला ठावं हुतं. माझी पोरं घरात हुती... म्हणून लावली."

न्यायाधीशांनी ते कन्नडमध्ये लिहून घेतलं. पुढं सुमनचा युक्तिवाद सोपाच होता. भिंतीपलीकडच्या बाईला जे कळलं, ते घरातल्या बाईला कळलं नसेल का? भीती वाजवी होती का, एवढंच कायदा विचारतो. ती भीती त्याच मिनिटाला जन्मलेली असावी, असं कुठं म्हणतो? शोभा सुटली. कलम मला पाठ होतं, पण हे तिला सुचलं.

सरकारनं धारवाडच्या हायकोर्टात अपील केलंय. मागच्या आठवड्यात शोभा माझ्या ऑफिसात आली आणि आता खटला तुम्हीच चालवा म्हणाली. शेवटी आली ना माझ्याकडं, म्हणून मी मनातून सुखावले. माझा स्वतःचा वेगळा मुद्दा मांडीन, असंही सांगून टाकलं. मग सहज विचारलं, माझ्याकडंच का आलीस?

"सुमनाक्कांनीच सांगितलं हुतं," ती म्हणाली. "मला काय झालं तर तिच्याकडं जा म्हणाल्या. ती माझ्यावर लई जळती. माझ्यापेक्षा चांगलं करून दावायला म्हणून तरी तुला जेलात जाऊ द्यायची न्हाय."

म्हणजे सुमनला सगळं ठाऊक होतं आणि तिनं ते कामाला लावलं होतं. आता रोज संध्याकाळी ऑफिसचं दार लावून मी उभी राहून मोठ्यानं बोलून बघते. वेगळा मुद्दा शोधायला जाते आणि फिरून तिच्याच मुद्द्यावर येते. तिच्याइतका चांगला अजून जमत नाही. सुमे, फार राग येतो गं तुझा.